विम्याचे गिऱ्हाईक दारोदार : कर्नाळा परिसरातील पत्रकांचा हिशेब

आपल्या मोहल्ल्यांतील शिकलेल्या मुलांना मनासारखी नोकरी मिळाली नाही की ती जे दोन-तीन धंदे करून पाहतात, त्यांत विमा एजंटचा धंदा एक आहे. दुकानाला पागडी लागते, रिक्षाला कर्ज लागते. विम्याच्या एजन्सीला दहावीचा दाखला, थोडे प्रशिक्षण, एक परीक्षा आणि चालण्याची तयारी एवढे भांडवल पुरते. म्हणून दरवर्षी नवे एजंट दिसू लागतात आणि वर्ष-दीड वर्षात त्यांतील बरेच दिसेनासे होतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : मामा, चुलते, मेहुणे, शाळेतले मित्र यांच्या पॉलिसी झाल्या, आता गिऱ्हाईक कुठून आणायचे?

हा प्रश्न प्रत्येक तिजारतीत येतो. आमच्या कापडाच्या धंद्यात ओळखीचे गिऱ्हाईक पहिल्या ईदलाच संपते. दुसऱ्या ईदला अनोळखी माणूस दुकानाची पायरी चढला तरच दुकान टिकते. त्या अनोळखी माणसापर्यंत पोहोचण्याचे जुने आणि स्वस्त साधन म्हणजे छापील पत्रक, म्हणजे बाजाराच्या भाषेत हँडबिल. कापडवाल्यांनी हे साधन पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे. विम्याच्या धंद्यात त्याचा उपयोग कसा होतो, कुठे होत नाही, आणि पनवेलजवळच्या कर्नाळा परिसरात तो कसा करता येईल, याचा हिशेब आम्ही या लेखात मांडत आहोत. विमा विकणाऱ्या तरुणांनी तो वाचावाच, पण ज्यांच्या दारात असे पत्रक येते त्या दुकानदार व कारागीर बांधवांनीही वाचावा.

मोबाईलच्या काळात कागद कशाला?

पहिली शंका हीच निघते की आता सर्वांच्या खिशात फोन असताना कागद छापण्याची गरज काय. उत्तर सोपे आहे. विमा, कर्ज आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या फोनांना लोक इतके कंटाळले आहेत की अनोळखी नंबर दिसला की फोन उचलत नाहीत. शिवाय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार, नोंदणी न करता साध्या दहा आकडी नंबरवरून लोकांना धंद्याचे फोन व संदेश करणे नियमाविरुद्ध आहे. तक्रार झाली तर फोनची जोडणीच बंद होऊ शकते. म्हणजे कुठून तरी हजार नंबरांची यादी विकत आणून दिवसभर फोन फिरवत बसण्याचा रस्ता नव्या एजंटासाठी बंद आहे, आणि तो बंद आहे हे चांगलेच आहे.

पत्रकाचे तसे नाही. ते घंटी वाजवीत नाही, जेवताना उठवीत नाही. ते कपाटावर पडून राहते आणि गरज आठवली की हातात येते. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पत्रक वाचून कोणी पॉलिसी घेत नाही. साडीचे पत्रक वाचून बाई दुकानात येते, कारण साडी म्हणजे काय हे तिला ठाऊक असते. विमा ही न दिसणारी वस्तू आहे. पत्रकाने फार तर एवढेच होते की माणूस आपले नाव आणि फोन देतो आणि म्हणतो, ‘या, सांगा काय आहे ते.’ या चिठ्ठीवरच्या नावाला आम्ही अमानत समजतो. ज्याने ते दिले त्याने एजंटवर पहिला विश्वास टाकलेला असतो. पुढचा सगळा धंदा त्या विश्वासावर उभा राहतो किंवा तिथेच मोडतो.

कर्नाळ्याचा मुलूख

कर्नाळा म्हटले की मुंबईकरांना अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला आणि १९६८ साली स्थापन झालेले पक्षी अभयारण्य आठवते. पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर मुंबई–गोवा महामार्ग या जंगलातून जातो. रविवारी अभयारण्याच्या फाटकाशी मोठी गर्दी असते, आणि नव्या एजंटाला वाटते की पत्रके वाटायला याहून चांगली जागा नाही. हा खर्च वाया जातो. पक्षी बघायला आलेला माणूस संध्याकाळी ठाण्याला किंवा दादरला परत जातो. त्याच्या घरी दुसऱ्या भेटीला कोण जाणार? वर टाकून दिलेले कागद जंगलात पडतात आणि वनखात्याच्या माणसांचे बोलणे खावे लागते ते वेगळेच.

गिऱ्हाईक आहे ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणारे. पळस्पे फाट्यापासून शिरढोण (हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव) ओलांडून ताऱ्यापर्यंत गेले की चार तऱ्हेची माणसे भेटतात. पहिले, महामार्गावर पोट असलेले : गॅरेजवाले, पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, सीटकव्हर शिवणारे, ढाबेवाले. यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. दुसरे, न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून ट्रेलर, कंटेनर आणि गोदामांच्या कामात शिरलेले मालक व ड्रायव्हर. तिसरे, गावांतील मूळचे रहिवासी, छोटे किराणा दुकानदार आणि कारागीर. ताऱ्याला युसूफ मेहेरअली यांच्या नावाने चालणारे केंद्र आहे, तिथे साबण, तेल, मातीकाम अशा ग्रामोद्योगांचे काम होत आले आहे. चौथे, पनवेलच्या बाजूने वाढत आलेल्या नव्या इमारतींमधील नोकरदार. याशिवाय डोंगराच्या कडेला ठाकर आणि कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत.

या सर्वांना एकच पत्रक देणे म्हणजे लग्नाच्या शालूचे पत्रक शाळेच्या गणवेशाच्या गिऱ्हाइकाला देणे. ड्रायव्हरला अपघाताची भीती असते, गॅरेजवाल्याला आगीची, इमारतीतल्या नोकरदाराला इस्पितळाच्या बिलाची. वाडीवर तर पत्रक टाकूच नये. तिथे स्वतः जाऊन, ओट्यावर बसून, बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत मिळणाऱ्या २ लाखांच्या प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेची माहिती द्यावी. त्यात एजंटला काही सुटत नाही, पण त्या वाटेवर त्याचे नाव राहते.

विचारायचे राहून गेलेले दुकान

आमच्या मते या धंद्यातील सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित गिऱ्हाईक म्हणजे छोटा दुकानदार. त्याचे कारण असे. ज्या व्यापाऱ्याने बँकेतून कॅश क्रेडिट घेतले आहे, त्याच्या मालाचा विमा बँक उतरवून घेते. त्याला हवा असो वा नसो, खात्यातून हप्ता कापला जातो. परंतु आपल्यातले कित्येक दुकानदार व्याजाच्या भीतीने बँकेचे कर्ज घेत नाहीत. स्वतःच्या पुंजीवर, भावाच्या मदतीवर, घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवर दुकान चालवतात. अशा माणसाला विम्याबद्दल विचारायला कोणी आलेच नाही. बँकेला त्याची गरज नव्हती, आणि मोठ्या एजंटाला त्याचा हप्ता छोटा वाटला. कर्जापासून दूर राहणारा माणूस अशा रीतीने विम्यापासूनही दूर राहिला आणि आग-पाण्याच्या वेळी सर्वांत उघडा पडला.

२६ जुलै २००५ च्या पावसात पनवेलमध्ये गाढी नदीचे पाणी शिरले होते. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूणच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा कापड, धान्य, औषधे, सगळा माल चिखलात गेला. कापडाला पाणी लागले की त्याचा भाव चिंधीचा होतो, हे आम्ही व्यापारी जाणतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींत जळालेल्या दुकानांबद्दल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अशा प्रसंगानंतर ज्याच्याकडे पॉलिसीचा कागद होता त्याला निदान एक दार ठोठावता आले.

छोट्या दुकानदाराच्या सोयीची पॉलिसी आता आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची एकसारख्या मसुद्याची पॉलिसी लागू केली. एका जागेवरील एकूण ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, संप आणि खोडसाळपणे केलेले नुकसान हे धोके तिच्यात येतात. साधी घरफोडी मात्र तिच्यात येत नाही. आग किंवा पूर यासारख्या घटनेमुळे, त्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत झालेली चोरीच तेवढी येते. घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी किंवा दुकानदारांची पॅकेज पॉलिसी घ्यावी लागते.

आणखी एक मुद्दा दुकानदारांनी लक्षात घ्यावा. हप्ता वाचवण्यासाठी १० लाखांचा माल असताना ५ लाखांचाच विमा उतरवला, तर सर्वसाधारण नियमाने भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. २ लाखांचे नुकसान झाले तर १ लाखच हाती येतो. वरील पॉलिसीत अशी तूट १५ टक्क्यांपर्यंत असेल तर ती माफ आहे, त्यापुढे नाही. दंगल किंवा पूर झाल्यावर ‘कंपनीने फसवले’ अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील काहींचे मूळ या कमी उतरवलेल्या रकमेत असते. हे आधी सांगणारा एजंट चार पैसे कमी कमावतो, पण क्लेमच्या वेळी त्याला तोंड लपवावे लागत नाही.

पत्रकात काय असावे

एका पत्रकात एकच धोका आणि एकच विनंती असावी. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, निवृत्ती, आजार, गाडी, दुकान असे सगळे एकाच कागदावर छापले की वाचणाऱ्याच्या मनात काहीच राहत नाही. ‘पैसे दुप्पट’, ‘खात्रीचा परतावा’ असले शब्द तर मुळीच नकोत. दुकानदारांसाठी नमुना म्हणून आम्ही पुढील मजकूर सुचवतो :

‘दुकानदार बंधूंनो, पावसाळ्यापूर्वी एक प्रश्न. आपल्या दुकानातील मालाचा विमा आहे का? असल्यास त्याची रक्कम मालाइतकी आहे का? आग, पूर, वादळ, दरड व दंगल यांत माल, फर्निचर आणि मशिनरी यांची भरपाई देणाऱ्या पॉलिसीची माहिती आपल्या दुकानात येऊन देऊ. साधी चोरी या पॉलिसीत येत नाही, तिची माहिती वेगळी मिळेल. माहितीचे पैसे नाहीत. पॉलिसी घेण्याचे बंधन नाही. खालची चिठ्ठी भरून ठेवा. येत्या बुधवारी याच वेळी आमचा माणूस ती नेण्यास येईल.’

खाली कापून देण्याची चिठ्ठी असावी. तिच्यात नाव, दुकान, फोन, भेटीची सोयीची वेळ आणि ‘विम्याच्या माहितीसाठी या नंबरवर फोन करण्यास माझी परवानगी आहे’ एवढे वाक्य व सहीची जागा असावी. ही परवानगी महत्त्वाची आहे. २०२३ मध्ये संसदेने लोकांची खासगी माहिती जपण्यासाठी कायदा केला आहे. चिठ्ठीवरचा नंबर मोबाईलमध्ये किंवा संगणकात भरला की तो ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरला पाहिजे. एका कामासाठी घेतलेली यादी प्लॉटवाल्याला विकणे म्हणजे अमानतीत खयानत.

पत्रकावर एजंटचे पूर्ण नाव, एजन्सीचा नंबर, कंपनीचे नाव आणि शाखेचा पत्ता असावा. केवळ ‘भाई’ आणि मोबाईल नंबर छापलेल्या कागदावर शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. भाषा मराठी ठेवावी. ज्या मोहल्ल्यांत जुनी मंडळी उर्दू वाचतात तिथे मागच्या बाजूला उर्दू मजकूर द्यावा, पण तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. रकमेत एक शून्य इकडचे तिकडे झाले तर पुढे भांडण होते. हप्त्याचे आकडे शक्यतो छापूच नयेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी माफ झाला, तेव्हा जुने आकडे छापलेले गठ्ठे रद्दीत घालावे लागले असतील. दुकानाच्या मालाच्या विम्याला ही माफी लागू नाही, हेही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

वाटप : थोडे आणि पुन्हा पुन्हा

बहुतेक जण पाच हजार पत्रके छापतात, वर्तमानपत्रात घालून एका सकाळी संपवतात आणि फोनची वाट बघत बसतात. कापडाच्या सेलला हे चालते. विम्याला चालत नाही. त्यापेक्षा तीनशे दुकाने व घरे निवडावीत. पहिल्या बुधवारी पत्रक हातात द्यावे, दोन वाक्ये बोलावीत आणि निघावे. बसा म्हटले तरी बसू नये. दुसऱ्या बुधवारी त्याच वेळी चिठ्ठी न्यायला जावे. सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळी एजंट आला एवढ्यावरूनच निम्मी माणसे त्याला ओळखू लागतात. पत्रकावर छापलेला दिवस पाळणे ही या धंद्यातील पहिली पॉलिसी आहे, आणि तिचा क्लेम गिऱ्हाईक आठ दिवसांत तपासून बघते.

हिशेब समजावा म्हणून दोन उदाहरणे घेऊ. यातील आकडे मानलेले आहेत. समजा, पाच हजार पत्रकांना छपाई व वाटप धरून ६,००० रुपये लागले, २० फोन आले आणि ५ पॉलिसी झाल्या. एका नावाचा खर्च ३०० रुपये व एका पॉलिसीचा १,२०० रुपये. दुसरीकडे तीनशे पत्रके, दोन फेऱ्यांचे पेट्रोल व एका मुलाची मजुरी मिळून १,२०० रुपये लागले, १२ चिठ्ठ्या आल्या आणि ३ पॉलिसी झाल्या. एका नावाचा खर्च १०० रुपये व एका पॉलिसीचा ४००. प्रत्येकाने आपले खरे आकडे या जागी घालून पाहावेत. जो एजंट पत्रके किती वाटली एवढेच मोजतो, त्याचा छापखानेवाला श्रीमंत होतो.

कोणत्या भागातून चिठ्ठी आली हे कळण्यासाठी आमच्या धंद्यातील एक जुनी युक्ती उपयोगी आहे. कापडाच्या थानावर आम्ही बारीक खूण लिहितो, तिच्यावरून माल कुठल्या गिरणीचा, कोणत्या भावाचा हे फक्त दुकानदाराला कळते. तसेच पत्रकाच्या कागदाचा रंग भागाप्रमाणे बदलावा : पळस्प्याच्या गॅरेजवाल्यांना पिवळा, शिरढोणच्या दुकानांना गुलाबी, ताऱ्याच्या बाजूला हिरवा. रंगीत कागद नसेल तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक अक्षर छापावे. महिन्याअखेर वहीत मांडले की कुठे पुन्हा जायचे आणि कुठे पैसे घालवायचे नाहीत, हे आपोआप दिसते.

वेळही पाहावी लागते. गॅरेजवाल्याकडे सकाळी गाडी लागलेली असताना जाऊ नये, दुपारच्या जेवणानंतर जावे. ड्रायव्हर घरी कधी असतो हे त्याच्या घरच्यांनाच विचारावे. रमजानमध्ये दुपारी मोहल्ल्यात दारे ठोठावू नयेत. मालाच्या विम्याची पत्रके एप्रिल-मे महिन्यांत वाटावीत, म्हणजे पहिला पाऊस पडण्यापूर्वी पॉलिसी हातात असते. नव्या इमारतींत वॉचमनशी हुज्जत न घालता सोसायटीच्या सेक्रेटरीची लेखी परवानगी घ्यावी. बैठकीच्या दिवशी सूचनाफलकावर एक पत्रक लागले तरी पन्नास दारे हिंडण्याचे काम होते.

बायका घरी एकट्या असतील तिथे पुरुष एजंटाने दारातूनच परत फिरावे. या कामाला बहिणी अधिक योग्य आहेत. जीवन विमा महामंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘बीमा सखी’ योजना सुरू केली. दहावी पास, १८ ते ७० वयाच्या महिलांना तीन वर्षे प्रशिक्षणाच्या काळात अनुक्रमे दरमहा ७,०००, ६,००० आणि ५,००० रुपये मानधन, त्याच्या अटी पूर्ण केल्यास, दिले जाते. मोहल्ल्यातील शिवणकाम करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या बहिणींना घराघरांत आधीच येणे-जाणे असते. त्यांच्या हातचे पत्रक कुणी बाजूला टाकत नाही.

कायद्याच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट, एजंटने कंपनीच्या लेखी मंजुरीशिवाय स्वतःचे पत्रक छापू नये. कंपनीचे बोधचिन्ह आपल्या मनाने वापरता येत नाही. मजकूर शाखेत दाखवावा, मंजुरीचा कागद फाईलला लावावा आणि मगच छापखान्यात जावे.

दुसरी, ‘पहिला हप्ता आम्ही भरू’ किंवा ‘कमिशनमधून इतके परत देऊ’ असे पत्रकावर तर नाहीच, तोंडीही बोलू नये. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे आणि दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. जो एजंट आज कमिशन वाटतो, तो उद्या क्लेमच्या वेळी फिरकत नाही.

तिसरी, विजेचे खांब, भिंती, बसथांबे यांवर पत्रके चिकटवू नयेत. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे.

चौथी, फॉर्म भरताना आजार, वय, मालाची किंमत, दुकानाचे छप्पर कशाचे आहे हे सर्व खरे लिहावे. एजंटने ‘मी भरतो, तुम्ही सही करा’ म्हटले तर गिऱ्हाइकाने नकार द्यावा. जीवन किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आल्यावर, अटी पसंत नसतील तर ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. हेही पत्रकावर छापले तर विश्वास वाढतो.

दारात विचारले जाणारे दोन प्रश्न

या परिसरात एजंटला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. पहिला आपल्या मोहल्ल्यातला : विमा जायज आहे का? यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. विम्यातील व्याज व अनिश्चितता यांवर आक्षेप घेणारे आहेत, आणि जान-मालाच्या धोक्याची परिस्थिती पाहून त्याला वाव देणारेही आहेत. परस्पर मदतीच्या तत्त्वावर चालणारे ‘तकाफुल’ मलेशियात १९८४ च्या कायद्याने सुरू झाले, परंतु आपल्या देशात तशी परवाना असलेली कंपनी नाही. एजंटने दारात उभे राहून फतवा देऊ नये. ‘आपण आपल्या विश्वासातील आलिमांना विचारा, मी पुढच्या बुधवारी येतो’ हे उत्तर पुरेसे आहे. गाडीच्या थर्ड पार्टी विम्याबद्दल मात्र कायद्याने पर्याय ठेवलेला नाही, तो उतरवावाच लागतो, हे सांगावे. ज्याचे मन तयार नाही त्याला ओढू नये. ओढून घेतलेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्याला बंद पडते आणि त्याचे पैसे जातात.

दुसरा प्रश्न पनवेल तालुक्यातल्या सर्व जातीधर्मांच्या लोकांचा आहे : पैसे बुडणार नाहीत कशावरून? हा प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ९ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने रद्द केला, तेव्हा या भागातील हजारो घरांत चिंता पसरली. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले होते की ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळेल. ठेवींचा हा विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत आहे. त्याआधी तो १ लाख होता. ठेवीदाराने स्वतः कधी हा विमा मागितला नव्हता, त्याचे पत्रकही त्याच्या दारी कुणी टाकले नव्हते. तरी संकटात तोच कामास आला. आणि ज्यांच्या ठेवी ५ लाखांहून अधिक होत्या, त्यांना मर्यादा म्हणजे काय ते कळले. विम्याचा उपयोग आणि विम्याची मर्यादा, दोन्ही एकाच उदाहरणात समजावून सांगता येतात. एजंटने हे उदाहरण टाळू नये, उलट स्वतःहून काढावे.

बाजाराने काय करावे

एकट्या तरुणाने सुरुवात करण्यापेक्षा बाजारातील व्यापारी मंडळांनी थोडा हात द्यावा. प्रत्येक पेठेने पावसाळ्यापूर्वी एक यादी करावी : किती दुकानांच्या मालाला विमा आहे, किती दुकानदारांनी बँकेने उतरवलेल्या पॉलिसीची प्रत डोळ्यांनी पाहिली आहे, किती जणांच्या मालाची रोजची नोंद वहीत आहे. ही नोंद नसेल तर सर्व्हेअरला माल किती होता हे पटवायचे कसे? खरेदीची बिले व स्टॉकची वही दुकानातच ठेवली तर ती मालाबरोबरच जळते किंवा भिजते. तिची एक प्रत घरी असावी. ही यादी करण्याचे काम मोहल्ल्यातील नव्या एजंटांना वाटून द्यावे, मात्र कोणी कोणाकडून पॉलिसी घ्यावी याची सक्ती नसावी.

नव्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच की पहिले तीन महिने कमिशनचे गणित मांडू नका. तीनशे दारे निवडा, त्या दारांवर दर महिन्याला ठरल्या दिवशी जा, वही ठेवा, आणि एखाद्याचे जुने, दुसऱ्या एजंटाने विकलेले क्लेमचे प्रकरण अडले असेल तर त्याचे कागद घेऊन त्याच्याबरोबर शाखेत जा. त्यात एक पैसा मिळणार नाही. पण पुढच्या वेळी त्या गल्लीत तुमचे पत्रक आले की लोक म्हणतील, हा तोच मुलगा आहे. जळालेल्या किंवा बुडालेल्या दुकानाचा मालक दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला फोन करतो, यावर तुमच्या धंद्याची बरकत ठरणार आहे.